चालते, पण कसे चालते?

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत लखनौनिवासी माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आपल्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा संस्थेने मला केली. ती शिरोधार्य मानून मी उभा आहे. दुसऱ्यांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेणे हा माझा व्यवसाय. गेली अनेक वर्षे तो मी लखनौमध्ये राहून करीत आहे. परीक्षा म्हटले की उत्तर बरोबर आले की चुकले, एवढेच आपल्या मनात येते. आज मला बोलायचे आहे ते मात्र त्यानंतरच्या परीक्षेविषयी. उत्तर बरोबर आले. पण ते किती वेळात आले, गर्दीतही आले का, सलग चार दिवस यंत्र चालल्यानंतरही आले का, आणि एखादा भाग निकामी झाला तेव्हा यंत्राने काय केले? आमच्या शास्त्रात सॉफ्टवेअरच्या या गुणांना ‘कार्येतर गुण’ म्हणतात. यंत्र कोणते काम करते हा झाला कार्याचा प्रश्न. ते काम कशा रीतीने करते, हा कार्येतर गुणांचा.

लखनौ म्हटले की मराठी माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ त्या नगरीत उभे आहे. पंडितजींनी घराण्याघराण्यांतून विखुरलेल्या चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत बांधून सर्वांसाठी खुल्या केल्या. कोणत्या मात्रेवर कोणता स्वर, हे स्वरलिपी सांगते. परंतु स्वर लिपीबरहुकूम लागले, तरी लय सुटली, द्रुतगतीत दम पुरला नाही किंवा तंबोऱ्याशी सूर मिळाला नाही, तर ते गाणे उत्तीर्ण झाले असे कोणी म्हणणार नाही. सॉफ्टवेअर बनवून घेणारा ग्राहक बहुधा केवळ स्वर लिहून देतो आणि लय, दम व मेळ या गोष्टी गृहीत धरतो. गृहीत धरलेली गोष्ट कोणी लिहीत नाही. न लिहिलेली कोणी तपासत नाही. व्यवहारातील कितीतरी मोठे बिघाड या एका सवयीतून जन्मतात.

हे गुण कोणते, याची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. आयएसओ २५०१० या मानकाच्या २०११ सालच्या आवृत्तीत आठ गुण होते. पहिला अर्थातच कार्याची योग्यता. उरलेले सात म्हणजे वेग व साधनांचा काटकसरीने वापर, इतर यंत्रणांशी सुसंगती, वापरण्यातील सुलभता, विश्वासार्हता, माहितीची सुरक्षितता, दुरुस्तीतील सुलभता आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची सोय. २०२३ साली ही यादी सुधारण्यात आली आणि तीत नववा गुण स्वतंत्रपणे आला : जीवित व मालमत्तेला धोका न पोहोचवणे. सॉफ्टवेअर हिशेबाच्या वहीतून बाहेर पडून मोटारीत, रुग्णालयात आणि रेल्वेच्या इंजिनात जाऊन बसले आहे, याचीच ही नोंद होय.

रेल्वेचे नाव घेतले, ते हेतुपूर्वक. लखनौत मानक नगर नावाची वसाहत आहे. त्याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. मानक म्हणजे प्रमाण. भारतीय रेल्वेची मानके ठरवणारी ‘अनुसंधान अभिकल्प एवं मानक संगठन’ ही संस्था येथे आहे. तिला सारे जण ‘आरडीएसओ’ याच नावाने ओळखतात. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली लखनौत सुरू झालेले रेल्वेचे परीक्षण व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ साली ती आकाराला आली. रेल्वेचे डबे, इंजिने, रूळ, पूल आणि सिग्नल कसे असावेत, याची विनिर्देशपत्रे येथे लिहिली जातात. ‘कवच’ या स्वदेशी गाडीसंरक्षण यंत्रणेचे विनिर्देशपत्रही येथलेच. कार्येतर गुणांची परीक्षा म्हणजे काय, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कवचाचे कार्य एका वाक्यात सांगता येते : चालकाने लाल सिग्नल ओलांडण्याचा किंवा ठरलेली गती ओलांडण्याचा प्रसंग आला आणि त्याने ब्रेक लावला नाही, तर यंत्रणेने तो आपोआप लावावा. त्यासाठी रुळांमध्ये रेडिओ-ओळखपट्ट्या बसवलेल्या असतात; त्यांवरून गाडी कोठे आहे हे इंजिनातील यंत्राला कळते. स्थानकातील यंत्र सिग्नलची स्थिती रेडिओने इंजिनाला कळवते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत असे दाट धुके पडते की समोरचा सिग्नल दिसत नाही. अशा वेळी तो सिग्नल चालकाला आपल्या समोरच्या पडद्यावर दिसतो. या यंत्रणेचे काम २०१२ साली सुरू झाले. प्रवासी गाडीवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये आरंभल्या. जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागात गुल्लागुडा व चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान तिचे प्रात्यक्षिक झाले. तेव्हा रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात होते आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अंतरावर कवचाने गाडी थांबवली. जुलै २०२४ मध्ये आरडीएसओने तिच्या चौथ्या आवृत्तीच्या विनिर्देशपत्राला मान्यता दिली.

‘लाल सिग्नल असेल तर ब्रेक लाव’ ही आज्ञा आपल्या नववीतील विद्यार्थीही संगणकाला लिहून देऊ शकेल. मग एवढी वर्षे कशात गेली? त्यातील फार मोठा भाग मी ज्यांना कार्येतर म्हणतो, त्या प्रश्नांत गेला.

पहिला प्रश्न वेळेचा. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. यंत्राचा निर्णय अचूक असला, पण तीन सेकंद उशिरा आला, तर गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून येथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर मानावे लागते. तेही एकच गाडी असताना तपासून भागत नाही; स्थानकाच्या टापूत अनेक गाड्या एकाच वेळी रेडिओवर बोलत असताना तपासावे लागते.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. याचे एक दुःखद उदाहरण रेल्वेबाहेरचे आहे. आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. त्या यंत्रणेतील घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे. एक-दशांश ही संख्या आपल्या दशमान पद्धतीत सुटसुटीत आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र ती एक-तृतीयांशासारखी न संपणारी आहे. ती कोठेतरी तोडावी लागते आणि प्रत्येक वेळी अत्यंत सूक्ष्म चूक शिल्लक राहते. यंत्रणा काही तास चालवून बंद केली, तर ती जाणवत नाही. दहरानची यंत्रणा सुमारे १०० तास सलग सुरू होती. तेवढ्यात ती चूक एक-तृतीयांश सेकंदापर्यंत साचली आणि क्षेपणास्त्राचा शोध भलत्याच जागी घेतला गेला. आठ तासांच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे सॉफ्टवेअर शंभराव्या तासाला अनुत्तीर्ण होते ते असे. म्हणून आम्ही यंत्र दिवसचे दिवस न थांबवता चालवतो. पाहणाऱ्याला हे काम निरर्थक वाटते, कारण बहुतेक वेळ काहीच घडत नसते.

तिसरा प्रश्न बिघाडाचा. यंत्र कधी ना कधी बिघडणारच, हे गृहीत धरून ते कोणत्या बाजूला बिघडावे, हे आधी ठरवावे लागते. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी जुने हात-सिग्नल पाहिले असतील. त्याची तार तुटली, तर हात आपल्याच वजनी योजनेने ‘धोका’ दाखवणाऱ्या आडव्या स्थितीत येई. गाडी उगाच थांबे, पण कोणाच्या जिवावर बेतत नसे. हेच तत्त्व संगणकात आणण्यासाठी एकच हिशेब दोन किंवा तीन स्वतंत्र संगणकांकडून करवून घेतात. त्यांचे पुरेसे एकमत झाले नाही, तर यंत्रणा सुरक्षित बाजू धरते. परीक्षकाचे काम येथे जरा विपरीत असते. आम्ही मुद्दाम तार काढतो, वीज तोडतो, रेडिओचा संदेश अर्धवट पोहोचवतो आणि यंत्र कोणत्या बाजूला झुकते, ते पाहतो. माथ्यावर २५ हजार व्होल्टची तार, खाली सततची कंपने, उन्हाळ्याची होरपळ आणि पावसाळ्याची दमट हवा, या परिस्थितीत हे सारे टिकावे लागते.

येथे एक पेच उभा राहतो. उभी गाडी सर्वांत सुरक्षित असते. मग प्रत्येक शंकेला गाडी थांबवणारी यंत्रणा उत्तम म्हणायची का? तसे केले, तर वेळापत्रक कोलमडेल आणि निष्कारण थांबवणाऱ्या यंत्रावरचा चालकाचा विश्वास उडेल. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. म्हणजे सुरक्षितता आणि उपलब्धता हे दोन्ही गुण हवेत, आणि एकाला ताणले की दुसरा तुटतो. कोणता किती हवा, हे आकड्यांत ठरवल्याशिवाय तपासणार काय? कवचासाठी सुरक्षिततेची जी पातळी ठरवली आहे, तिला सुरक्षा-समग्रतेची चौथी, म्हणजे सर्वोच्च पातळी म्हणतात. तिचा अर्थ असा की धोकादायक बिघाडाचे प्रमाण १० कोटी तासांत एकाहून कमी असले पाहिजे. १० कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षे. एवढा काळ थांबून कोणी परीक्षा घेऊ शकत नाही. म्हणून येथे पुरावा अनेक मार्गांनी जमवावा लागतो : प्रत्येक सुट्या भागाच्या बिघाडाचा हिशेब, प्रोग्रामच्या ओळीन् ओळीचे लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी केलेले वाचन, मुद्दाम घडवलेले बिघाड, आणि सरतेशेवटी बनवणाऱ्या कंपनीशी संबंध नसलेल्या स्वतंत्र परीक्षकाचा निर्वाळा. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासू नये, हा शाळेचा साधा नियम येथे कायद्याइतका कठोर होतो.

चौथा प्रश्न सुसंगतीचा. आरंभी कवच बनवण्यासाठी तीन कंपन्यांना मान्यता मिळाली. स्थानकातील यंत्र एका कंपनीचे आणि इंजिनातील दुसरीचे, असे होणारच. कारण गाडी एका विभागातून दुसऱ्यात जाते. दोघांनी एकच विनिर्देशपत्र वाचलेले असते, पण वाचताना एका वाक्याचे दोन अर्थ लागू शकतात. म्हणून सर्व जोड्या समोरासमोर बसवून तपासाव्या लागतात. माझ्या व्यवसायात भाषेचे महत्त्व मला सर्वाधिक पटले, ते येथे. ‘यथाशीघ्र’ हा शब्द निबंधात शोभतो. विनिर्देशपत्रात तो धोकादायक आहे. तेथे ‘इतक्या मिलिसेकंदांच्या आत’ असेच लिहावे लागते.

पाचवा प्रश्न दुरुस्तीचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ झालेला अपघात आपल्या स्मरणात असेल. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या मालगाडीवर आदळली. दोनशे नव्वदहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते सिग्नलच्या जोडण्यांत पूर्वी केलेल्या फेरबदलातील आणि फाटकाच्या कामाच्या वेळी झालेल्या त्रुटींचे. तेथे कवच बसवलेले नव्हते, आणि दोष सॉफ्टवेअरचाही नव्हता, तो तारांच्या जोडणीतला होता. परंतु सॉफ्टवेअर तपासणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मनावर कोरून ठेवावी अशी आहे. मूळ रचना कितीही काटेकोर तपासलेली असो. नंतर कोणी एक तार हलवली, एक ओळ बदलली, की आधीचे प्रमाणपत्र त्या बदललेल्या यंत्राला लागू राहत नाही. बदल किती सहज करता येतो, बदलाची नोंद राहते का, आणि बदलानंतर संपूर्ण परीक्षा पुन्हा घेता येते का, हाही यंत्राचा गुणच आहे.

कवच सर्वत्र लवकर का बसत नाही, असा प्रश्न लोक विचारतात आणि तो रास्त आहे. देशातील रेल्वेमार्ग सुमारे ६८ हजार किलोमीटर आहेत. दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ मार्ग-किलोमीटरवर ते प्रथम बसले, हे पाहता पुढचा पल्ला केवढा आहे ते ध्यानात येते. न बसवलेली यंत्रणा कोणाचाही जीव वाचवत नाही. म्हणून विलंबाचीही किंमत माणसांच्या जिवानेच मोजावी लागते. पैसा, मनुष्यबळ आणि कामाची गती वाढवण्याचा आग्रह आपण जरूर धरावा. परंतु वेळ वाचवण्यासाठी परीक्षेचा काळ कापण्याचा मोह जेथे होईल, तेथे मात्र नकार देणारे कोणीतरी असले पाहिजे. परीक्षकाला पगार मिळतो तो मुख्यतः या नकारासाठी.

आता रेल्वे सोडून आपल्या शाळेकडे येतो. प्रवेश, शुल्क, हजेरी आणि निकाल यांसाठी आज अनेक शाळा सॉफ्टवेअर विकत घेतात. विक्रेता येतो, पडद्यावर सारे सुरळीत चालवून दाखवतो, आणि आपण मान डोलावतो. त्या वेळी ते वापरणारा एकटा विक्रेता असतो. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता हजार पालक एकाच क्षणी ते उघडणार असतात. तेव्हा काय होते, हे आधी विचारावे. ‘सरासरी दोन सेकंदांत उघडते’ या उत्तरावर समाधान मानू नये. नऊ पालकांना एका सेकंदात निकाल दिसला आणि दहावा अकरा सेकंद ताटकळला, तरी सरासरी दोनच येते. त्या दहाव्या पालकाविषयी विचारावे. बहुधा त्याच्या हातात जुना, स्वस्त फोन असतो आणि तो गावातल्या कमकुवत नेटवर्कवर असतो.

दुसरे, आपल्या भाषेविषयी. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव लिहा. आपल्या डोळ्यांना चार अक्षरे दिसतात : ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ते दहा चिन्हांचे नाव आहे, कारण व्यंजन, हलन्त आणि मात्रा हे सारे वेगवेगळे मोजले जाते. आणि सर्वाधिक प्रचलित साठवणपद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे चार अक्षरांसाठी तीस बाइट. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून वीस बाइटांची जागा राखणाऱ्या कार्यक्रमात आपला ज्ञानेश्वर अर्ध्यावर तुटतो, आणि तेच तुटके नाव पुढे दाखल्यावर छापले जाते. मराठी शाळेने मराठी नावांनिशी परीक्षा घेतल्याखेरीज असे काही विकत घेऊ नये. जोडाक्षरे, रफार आणि ‘दुसऱ्या’मधला र घेऊन ती घ्यावी.

तिसरे, मुलांच्या माहितीविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. आपल्या मुलाचे गुण, पत्ता आणि छायाचित्र कोणाकोणाला दिसते, हे विचारणे पालकांचा हक्क आहे. दुसऱ्या पालकाच्या खात्यातून आपल्या मुलाचे प्रगतिपुस्तक उघडते का, ही परीक्षा पाच मिनिटांत होते आणि ती न घेण्याचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात. चौथे, माहितीची प्रत ठेवता का, एवढेच विचारून थांबू नये. त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून कधी पाहिले होते, त्या दिवसाची तारीख मागावी. उत्तरे लेखी आणि आकड्यांत घ्यावीत.

या शाळेत उत्तराइतकेच रीतीलाही गुण असत. गणिताचे उत्तर बरोबर असले, तरी पायऱ्या लिहिल्या नसतील तर गुण कापले जात. वही टापटीप नसेल तर पुन्हा लिहावी लागे. तेव्हा आम्हां मुलांना तो जाच वाटे. व्यवसायात पडल्यावर त्यामागचा विचार उलगडला. उत्तर एका प्रसंगापुरते असते. रीत पुढच्या प्रत्येक प्रसंगाला पुरते. आज इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या रुग्णालयांची, बँकांची आणि रेल्वेची सॉफ्टवेअरे लिहितील. ‘चालते’ एवढ्यावर त्यांनी थांबू नये. किती जणांसाठी चालते, किती काळ चालते आणि बंद पडले तर कोणाला इजा होते, हे त्यांनी स्वतःला विचारावे आणि आपल्या लेखनाची परीक्षा दुसऱ्याला आनंदाने घेऊ द्यावी.

संस्थेच्या पुढील वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.